अंड्यांच्या टरफलांपासून हाडासाठी सच्छिद्र स्कॅफोल्ड कसा करावा

रस ऑम्लेटच्या गाड्यावर किंवा एखाद्या बेकरीत डझनभर अंडी फुटली की साठ-पासष्ट ग्रॅम टरफले कचऱ्यात जातात. तेवढ्यातून ५० ग्रॅम हायड्रॉक्सिॲपटाइट, म्हणजे हाडातल्या खनिजाच्या अगदी जवळचा पदार्थ, आरामात निघतो. त्याचाच स्कॅफोल्ड, म्हणजे हाडाच्या पेशींना आत वाढता येईल असा छिद्रांचा सांगाडा, करायचा आहे. टरफलात ९४ ते ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असते. उरलेल्यात थोडे मॅग्नेशियम, थोडे फॉस्फेट आणि प्रथिने असतात. हे मॅग्नेशियम आणि असेच इतर धातूंचे अंश हाडातही असतात, म्हणून टरफलाचे ॲपटाइट बाटलीतल्या शुद्ध रसायनांपासून केलेल्या ॲपटाइटपेक्षा वाईट ठरत नाही.

टरफल फुकट मिळते म्हणून सगळे काम स्वस्तात होईल असे मात्र नाही. खरा खर्च भट्टीच्या विजेचा आहे, आणि खरी अडचण टरफले भाजून मिळणाऱ्या चुन्याचे वजन गोव्याच्या दमट हवेत बिनचूक घेण्याची. या कामात फसलेले बहुतेक घाणे त्या एका वजनापाशीच फसलेले असतात. म्हणून ती पायरी इथे विस्ताराने दिली आहे.

सुरुवातीलाच एक स्पष्ट सांगायला हवे. इथे दिलेली कृती विज्ञान, औषधनिर्माण आणि अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांसाठी आहे. असा स्कॅफोल्ड माणसाच्या शरीरात घालण्यासाठी नसतो. शरीरात बसवायच्या वस्तूंना आपल्याकडे २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात आणि तो रस्ता फार लांबचा आहे.

टरफले गोळा करणे आणि धुणे

गाडेवाल्याला झाकणाचा डबा द्या आणि टरफले त्याच दिवशी उचला. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली की वास सुटतो, माश्या येतात. उकडलेल्या आणि कच्च्या अंड्यांची टरफले एकत्र चालतात. कांदा, तेल, मसाला लागलेली वेगळी काढा. जमिनीवर पडलेली तर घेऊच नका. आपल्याकडच्या लाल मातीतले लोह पुढे थेट पावडरीत उतरते आणि पावडरीला पिवळसर-तांबूस झाक येते. धुण्याची शेवटची दोन पाणी डिस्टिल्ड असावीत. विहिरीचे पाणी पहिल्या खळबळण्यापुरते ठीक आहे.

आधी अर्धा तास खळखळ उकळा. त्याने साल्मोनेला हा जंतू मरतो आणि आतला पापुद्रा सुटा होतो. गरम असतानाच हातमोजे घालून पापुद्रा ओढला की मोठे तुकडे सहज निघतात. चिकटून राहिलेल्या बारीक कपच्यांमागे तासभर घालवण्यात अर्थ नाही, त्या भट्टीत जळतात. पापुद्रा अगदी पूर्ण घालवायचा असेल तर घरगुती ब्लीचमध्ये, म्हणजे चार-पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, रात्रभर ठेवून सात-आठ वेळा धुवा. व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल वापरू नका, त्याने पापुद्रा राहतो आणि टरफलच विरघळते. पुढे याच ओट्यावर अमोनिया आणि आम्ल दोन्ही येणार आहेत. ब्लीच यांपैकी कशातही मिसळले तर विषारी वायू सुटतो, म्हणून ब्लीचची बाटली काम संपताच दुसऱ्या खोलीत ठेवा.

धुतलेली टरफले ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सिअसवर तीन-चार तास वाळवा. मग मिक्सरमध्ये फिरवून अर्धा मिमीच्या चाळणीतून गाळा. हा मिक्सर स्वयंपाकघरात परत जाणार नाही याची व्यवस्था करा. धूळ नाकात जाते, तेव्हा मास्क हवाच.

चुना भाजणे

गोव्याला हे रसायन नवे नाही. जुन्या घरांच्या भिंतींचा चुना शिंपले भाजूनच होत असे. इथे शिंपल्याऐवजी टरफल आणि लाकडाऐवजी मफल फर्नेस, म्हणजे प्रयोगशाळेतली विजेची बंद भट्टी, एवढाच फरक.

ॲल्युमिनाच्या मुशीत पावडर पसरा. थर एक सेंटिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर खालच्या भागातला कार्बन डायऑक्साइड वेळेत बाहेर पडत नाही. तापमान मिनिटाला ५ अंशांनी वाढवा आणि ४५० वर एक तास थांबा. या टप्प्यात प्रथिने जळतात, केस जळल्यासारखा वास येतो आणि पावडर काळी पडते. एक्झॉस्ट चालूच हवा. मग ९०० अंशांपर्यंत जाऊन दोन तास ठेवा.

शंभर ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमधून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ५६ ग्रॅम चुनकळी, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, उरते. ‘कचऱ्यातून पर्यावरणस्नेही हाड’ असे पोस्टरवर लिहिण्याआधी हे ४४ ग्रॅम आणि भट्टीची वीज हिशेबात धरावी.

भाजणे पूर्ण झाले का हे रंगावरून अर्धेच कळते. वरून पांढरेशुभ्र असलेले ढेकूळ फोडले तर आत राखाडी निघू शकते. खात्रीची परीक्षा अशी: अर्धा ग्रॅम पावडर थोड्या पाण्यात कालवून त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. बुडबुडे आले तर कार्बोनेट उरले आहे, ९०० अंशांवर आणखी एक तास द्या. पावडर नुसतीच विरघळली तर काम झाले.

वजन: सगळे इथे ठरते

चुनकळी भट्टीतून बाहेर आली की लगेच हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढू लागते. जुलैमध्ये पणजीच्या हवेत उघड्या मुशीतली पावडर तराजूवर ठेवली की आकडा डोळ्यांसमोर चढत जातो. दशांशाचे तिसरे स्थान स्थिर राहतच नाही. म्हणून भट्टी २०० अंशांपर्यंत उतरल्यावर मूस चिमट्याने थेट डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या झाकणाच्या भांड्यात, घाला आणि सिलिका जेल निळे किंवा नारिंगी, म्हणजे कोरडे आहे याची खात्री करा. थंड झाल्यावर तासाभरात वापरा.

तासाभरात शक्य नसेल, किंवा चुना आठवडाभर बाटलीत पडला असेल, तर ‘जाळून येणारी घट’ मोजा. १ ग्रॅम चुना ९०० अंशांवर एक तास ठेवून पुन्हा तोला. समजा ०.९६ ग्रॅम भरला. म्हणजे ४ टक्के वजन चुन्याचे नव्हतेच. मग २८.०४ ग्रॅम हवे असतील तेव्हा २८.०४ भागिले ०.९६, म्हणजे २९.२ ग्रॅम घ्या.

एवढ्याशा ४ टक्क्यांनी काय बिघडते? हायड्रॉक्सिॲपटाइटमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फरसच्या अणूंचे प्रमाण १.६७ असते. चुना ४ टक्के कमी पडला तर ते १.६० होते. सगळे फॉस्फेट घन पदार्थात गेले असे धरले तर भाजल्यावर वजनाने सुमारे ३८ टक्के भाग बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट होऊन बसतो. हा पदार्थ शरीरात जास्त लवकर विरघळतो. कोणाला तो मुद्दाम हवा असतो, पण नकळत झालेला कोणालाच नको.

चुका उलट बाजूनेही होतात आणि त्या जास्त महागात पडतात. चुना जास्त झाला तर शेवटी स्कॅफोल्डमध्ये मोकळी चुनकळी उरते. कपाटात ठेवल्यावर ती हवेतले पाणी पिऊन फुगते आणि चांगला दिसणारा तुकडा पावसाळ्यात चार दिवसांत आपोआप भुगा होतो. पेशींच्या चाचणीत तर ती पीएच वाढवून पेशी मारते. म्हणून शंका असेल तेव्हा किंचित कमी चुन्याच्या बाजूने चुकावे.

ॲपटाइट पाडणे

एका घाण्याचे माप असे आहे. चुनकळी २८.०४ ग्रॅम, म्हणजे अर्धा मोल. फॉस्फोरिक आम्ल ०.३ मोल, म्हणजे ८५ टक्क्यांचे ३४.६ ग्रॅम. हे आम्ल दाट असते आणि पिपेटच्या आत चिकटून राहते, त्यामुळे २०.५ मिली मोजण्यापेक्षा बीकर तराजूवर ठेवून तोलून घेणे कधीही बरे.

डिस्टिल्ड पाणी दहा मिनिटे उकळून झाकून थंड करा, म्हणजे त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जातो. असे एक लिटर पाणी दोन लिटरच्या बीकरमध्ये घ्या आणि त्यात चुनकळी चमच्या-चमच्याने घाला. पाण्यात चुना घालायचा. चुन्यावर पाणी ओतायचे नाही. ओतले तर उकळी फुटून चुना उडतो, आणि डोळ्यात गेलेला चुना कायमची इजा करू शकतो. चष्मा काढायचा नाही. सगळा चुना गेल्यावर तासभर ढवळत ठेवा आणि बीकरवर प्लॅस्टिक ताणून बसवा. उघडे राहिले तर वर पातळ साय धरते. ती साय म्हणजे परत कार्बोनेटच.

आम्ल पाण्यात घालून एकूण ५०० मिली करा, ब्युरेट किंवा ड्रॉपिंग फनेलमध्ये भरा आणि मिनिटाला ४ मिली या वेगाने सोडा. दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. मिश्रणाचे तापमान ४० अंशांच्या आसपास ठेवा. चुंबकाचा स्टरर सुरुवातीला पुरतो, पण अर्ध्या आम्लानंतर मिश्रण दाट होते आणि चुंबक अडकून नुसताच थरथरतो. त्या वेळी वरून पंख्याचा स्टरर लावणे उत्तम.

पीएच सुरुवातीला १२ च्या वर असतो. तो १० च्या खाली जाऊ देऊ नका. शेवटच्या शंभर मिलीत तो झपाट्याने घसरतो, तेव्हा २५ टक्के अमोनिया थेंबाथेंबाने घालून सावरा. हे काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटातच, करायचे. पीएच ९ च्या खाली राहिला तर कॅल्शियम कमी असलेले ॲपटाइट पडते, ते भाजल्यावर बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट देते. ५ च्या आसपास गेला तर ॲपटाइट न पडता ब्रशाइट, म्हणजे वेगळेच कॅल्शियम फॉस्फेट, पडते. मीटरच्या इलेक्ट्रोडवर ॲपटाइटचा पातळ थर बसतो आणि तो खोटे आकडे दाखवू लागतो. अर्ध्या तासाने तो बाहेर काढून ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवा, धुवा आणि परत लावा. आकडा अर्ध्याने उडी मारत असेल तर मिश्रणाला दोष देण्याआधी इलेक्ट्रोड बघा.

आम्ल संपले की आणखी एक तास ढवळा, मग झाकून २४ तास तसेच राहू द्या. या वेळात उरलासुरला चुना विरघळून ॲपटाइटमध्ये जातो. घाई करून दोन तासांत गाळलेल्या घाण्यात मोकळा चुना हमखास सापडतो.

गाळणे कंटाळवाणे असते. लगदा गाळण कागदाची छिद्रे बंद करतो. सेंट्रिफ्यूज असेल तर मिनिटाला ४००० फेऱ्यांवर पाच मिनिटे, नसेल तर रात्रभर निवळू देऊन वरचे पाणी ओता. धुण्याचे पाणी ७.५ पीएचच्या खाली येईपर्यंत डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि शेवटचे धुणे इथेनॉलने करा. नुसत्या पाण्यातून वाळवलेला लगदा दगडासारखे खडे धरतो, इथेनॉलमुळे ते मऊ राहतात. ८० अंशांवर रात्रभर वाळवा. हिशेबाने ५०.२ ग्रॅम यायला हवे, हातात ४५ ते ४७ येतात.

पावडर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका

दोन ग्रॅम पावडर १००० अंशांवर दोन तास भाजा. थंड झाल्यावर पाण्याने ओली करून फिनॉल्फथॅलिनचा एक थेंब टाका. गुलाबी झाली तर मोकळा चुना आहे. काहीच रंग आला नाही तर एक्सआरडीला, म्हणजे स्फटिक ओळखणाऱ्या क्ष-किरण चाचणीला, पाठवा. हे यंत्र प्रत्येक महाविद्यालयात नसते. ताळगावच्या गोवा विद्यापीठात किंवा झुआरीनगरच्या बिट्स पिलानीत चौकशी करावी. तांब्याच्या क्ष-किरणांनी घेतलेल्या आलेखात हायड्रॉक्सिॲपटाइटची मोठी शिखरे ३१.८, ३२.२ आणि ३२.९ अंशांवर आणि एक वेगळे शिखर २५.९ वर दिसते. ३१.० वर शिखर आले तर बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, ३७.४ वर आले तर चुनकळी. टरफलातले मॅग्नेशियम बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटला स्थैर्य देते, त्यामुळे वजने अचूक असूनही ३१.० वर बारीकसा उंचवटा दिसू शकतो. तेवढ्यासाठी घाणा टाकू नका.

गुलाबी झालेला घाणा मात्र वाचवता येतो. न भाजलेली पावडर परत पाण्यात घालून सौम्य फॉस्फोरिक आम्लाचे काही मिली, पीएच १० वर धरून, सोडा आणि पुन्हा रात्रभर ठेवा. भाजलेल्या पावडरीवर हा उपाय चालत नाही.

स्पंजवरून साचा घेणे

सच्छिद्र सिरॅमिक करण्याच्या अनेक पद्धतींपैकी स्पंजची नक्कल ही सर्वात सुटसुटीत. श्वार्ट्झवाल्डर आणि सोमर्स यांनी १९६३ मध्ये तिचे पेटंट घेतले. पॉलियुरेथेनचा स्पंज ॲपटाइट पावडरीच्या रबडीत बुडवायचा, वाळवायचा, भट्टीत स्पंज जाळून टाकायचा आणि मागे उरलेली जाळी पक्की भाजायची.

त्याआधी भट्टीची मर्यादा बघा. पक्की भाजणी १२५० अंशांवर होते. बहुतेक महाविद्यालयांतली साधी तारेची मफल फर्नेस १००० ते ११०० वरच थांबते. त्या तापमानाला काढलेला तुकडा चिमट्यात धरला की मोडतो. सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्यांची किंवा मोलिब्डेनम डायसिलिसाइडची भट्टी मिळत नसेल तर ही पद्धत सोडा आणि खाली दिलेला जिलेटिनचा मार्ग घ्या.

*पावडर.* ताजी ८० अंशांवर वाळवलेली पावडर रबडीसाठी निकामी असते. तिचे कण इतके बारीक असतात की थोडी घातली तरी पाणी संपते, लगदा होतो आणि वाळताना तडे जातात. ती ९०० अंशांवर दोन तास भाजून घ्या, मग झिर्कोनियाच्या गोळ्यांसह बॉल मिलमध्ये १२ तास फिरवा. दोन-तीन मायक्रॉनच्या खाली कण आले की पुरे.

*रबडी.* ५ टक्के पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, कण बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) द्रावण ५३ ग्रॅम, कण सुटे ठेवणारे अमोनियम पॉलिॲक्रिलेट ०.९ ग्रॅम, पावडर ४५ ग्रॅम. पीव्हीए थंड पाण्यावर भुरभुरवून मग ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवायचे. थेट गरम पाण्यात टाकले तर गुठळ्या होतात आणि त्या मग कशानेच मोडत नाहीत. पावडर थोडी-थोडी घालून चार तास ढवळा. फेस आला तर ऑक्टेनॉलचा एक थेंब टाका. रबडी घावनाच्या पिठाइतकी पातळ असावी: काचेच्या कांडीवर सलग थर राहावा, पण कांडी उचलताच धार तुटावी.

*स्पंज.* गादीचा स्पंज चालत नाही, त्याच्या छिद्रांवर पातळ पडदे असतात. फिल्टरसाठी मिळणारा, पडदे काढलेला, इंचाला ४५ छिद्रांचा घ्या. तोंडाने फुंकर मारली तर पलीकडे हवा सहज लागली पाहिजे. इंचाला ४५ म्हणजे एक छिद्र साधारण ५६० मायक्रॉन. थर बसून आणि आकसून ते ३०० ते ४०० मायक्रॉनवर येते. हाड आत वाढण्यासाठी १०० मायक्रॉन ही किमान मर्यादा मानली जाते आणि रक्तवाहिन्या नीट शिरायला ३०० च्या वर असलेले बरे.

भाजताना तुकडा लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून सुमारे २० टक्के आकसतो. १० मिमीचा हवा असेल तर १२.५ मिमीचा कापा. पहिल्या घाण्यात तीन-चार तुकडे मोजून आपल्या पावडरीचा खरा आकडा काढा, तो १५ ते २५ मध्ये कुठेही येऊ शकतो. कापलेले तुकडे १० टक्के कॉस्टिक सोड्यात २० मिनिटे ठेवून भरपूर धुवा. त्याने धागे किंचित खरखरीत होतात आणि रबडी घसरत नाही.

आता बुडवणे. तुकडा रबडीच्या आत असतानाच बोटांनी दाबा आणि आतच सोडा, म्हणजे हवा निघून तिथे रबडी शिरते. असे पाच-सहा वेळा करा. बाहेर काढून दोन काचपट्ट्यांमध्ये जाडीच्या पाव भागापर्यंत दाबा, फिरवून दुसऱ्या बाजूने दाबा, मग हलक्या हवेच्या झोताने बंद छिद्रे उघडा. दिव्यासमोर धरून बघा. सगळीकडून प्रकाशाचे ठिपके दिसले पाहिजेत. मधला भाग काळा दिसला तर तिथे रबडी साचली आहे. तशीच वाळली तर ती जागा कायमची बुजते. याच टप्प्याला हात बसायला वेळ लागतो, म्हणून आधी आठ-दहा तुकडे सरावासाठी धरूनच चला.

वाळवायला पंखा किंवा गरम ओव्हन वापरू नका. बाहेरचा थर आधी आकसतो आणि धाग्यांच्या कडांवर केसासारखे तडे जातात. जाळीवर ठेवून, वर सैल झाकण टाकून, दोन दिवस सावलीत वाळू द्या. पावसाळ्यात ते तेवढ्यात वाळत नाहीत. एक दिवस बाहेर, मग सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये दोन दिवस, आणि शेवटी ६० अंशांवर चार तास. ओला तुकडा भट्टीत गेला की १०० अंशांच्या पुढे वाफेने फुटतो.

भाजणी

ॲल्युमिनाच्या पाटीवर आपल्याच ॲपटाइटची जाडसर पावडर भुरभुरवा आणि त्यावर तुकडे ठेवा. आकसताना तळ पाटीवर सरकला पाहिजे. तो चिकटला तर तळाजवळ आडवा तडा जातो.

३० पासून २०० अंशांपर्यंत मिनिटाला १ अंश. २०० पासून ६०० पर्यंत मिनिटाला अर्धा अंश, हाच सर्वांत नाजूक भाग. ६०० वर एक तास. तिथून १२५० पर्यंत मिनिटाला ३ अंश, वर तीन तास, मग मिनिटाला ५ अंशांनी खाली. थंड होण्याआधीच जवळजवळ २४ तास होतात. १३०० च्या पुढे गेल्यास ॲपटाइट विघटित होऊ लागते, म्हणून ‘थोडे जास्त तापवू, जास्त पक्के होईल’ हा मोह टाळा.

पॉलियुरेथेन जळताना हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू सुटतात. भट्टीचा धूर बाहेर नेणारी नळी नसेल तर ही भाजणी करायचीच नाही. खिडकी उघडी ठेवणे म्हणजे व्यवस्था नव्हे.

आणि वीज. जून ते सप्टेंबरमध्ये सलग २४ तास वीज राहील असे धरून चालू नका. ३०० ते ६०० च्या दरम्यान वीज गेली तर दार उघडू नका. त्या वेळी स्पंज अर्धा जळालेला असतो आणि पावडरीचे कण अजून जुळलेले नसतात, दाराच्या हादऱ्यानेही जाळी कोसळते. भट्टी बंदच थंड होऊ द्या आणि वेळापत्रक पहिल्यापासून लावा. तापमान १००० च्या वर असताना वीज गेली तर फारसे नुकसान नाही, परत तापवून तीन तास पूर्ण करा. कंट्रोलर वीज आल्यावर आपोआप काय करतो हे आधीच बघून ठेवा. काही कंट्रोलर थेट शेवटच्या तापमानाकडे पूर्ण वेगाने पळतात.

भट्टी उघडल्यावर पाटीवर नुसता भुगा दिसला तर बहुधा २०० ते ६०० चा वेग जास्त होता किंवा थर फार पातळ होता. तुकडे आकारात आहेत पण बोटाने पावडर सुटते, तर वरचे तापमान खरोखर १२५० नव्हते. भट्टीच्या पडद्यावरचा आकडा आणि पाटीजवळचे तापमान यांत ३०-४० अंशांचा फरक सहज असतो. फिकट निळसर छटा आली तर घाबरू नका. ती मँगॅनीजच्या अतिसूक्ष्म अंशामुळे येते.

किती सच्छिद्र, किती मजबूत

सच्छिद्रता काढायला तराजू आणि व्हर्नियर पुरतात. ॲपटाइटची घनता ३.१६ ग्रॅम प्रति घन सेंमी. १० मिमी व्यासाचा आणि १० मिमी उंचीचा तुकडा ०.३७ ग्रॅम भरला, तर त्याचे आकारमान ०.७८५ घन सेंमी, भरीव असता तर वजन २.४८ ग्रॅम, म्हणजे सच्छिद्रता ८५ टक्के.

मजबुतीबाबत अपेक्षा आधीच कमी ठेवा. स्पंज जळून गेल्यावर प्रत्येक धाग्याच्या आत पोकळ, तिकोनी बोगदा राहतो. त्यामुळे असे तुकडे दाबाखाली बहुधा १ मेगापास्कलच्या आतच मोडतात. आपल्या हाडाचा जाळीदार भाग २ ते १२ मेगापास्कल सहन करतो. म्हणजे भार पेलणाऱ्या जागेसाठी हा स्कॅफोल्ड नव्हेच. भाजलेला तुकडा ३० टक्के पावडरीच्या पातळ रबडीत निर्वातात बुडवून परत भाजला तर बोगदे काही प्रमाणात भरतात. दुसरा उपाय जिलेटिनच्या लेपाचा: ५ टक्के द्रावण ४५ अंशांवर, निर्वातात दहा मिनिटे, निथळून मग ०.५ टक्के जेनिपिनमध्ये (जिलेटिनच्या साखळ्या एकमेकींना जोडणारे रसायन) एक दिवस. तुकडा गडद निळा होतो, ते अपेक्षितच आहे. लेपामुळे तो ठिसूळपणे न फुटता थोडा दबून मोडतो.

१२५० अंशांची भट्टी नसेल तर: जिलेटिनचा मार्ग

इथे न भाजलेली, ८० अंशांवर वाळवलेली पावडरच हवी. १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम जिलेटिन ५० अंशांवर विरघळवा, ५ ग्रॅम पावडर घालून तासभर ढवळा. मिश्रण ३० अंशांच्या जवळ येऊन दाटू लागले की साच्यात ओता. आधी ओतले तर पावडर तळाशी बसते आणि तुकडा खाली पांढरा, वर पारदर्शक होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीच ३२-३३ अंशांची असते, तिथे जिलेटिन गोठतच नाही. साचे आधीच फ्रीजमध्ये गार करून बर्फाच्या ताटात ठेवा. ४ अंशांवर दोन तास, उणे २० वर रात्रभर, मग फ्रीझ ड्रायरमध्ये, म्हणजे गोठलेले पाणी निर्वातात उडवून देणाऱ्या यंत्रात, ४८ तास. गोठवणे जितके सावकाश तितके बर्फाचे स्फटिक मोठे आणि छिद्रेही मोठी. वाळलेले तुकडे ०.५ टक्के जेनिपिनमध्ये एक दिवस ठेवून धुवा आणि परत फ्रीझ ड्राय करा. हे केले नाही तर ३७ अंशांच्या द्रवात तुकडा काही वेळातच विरघळतो.

टरफल भाजून ॲपटाइट न करता त्याची पावडरच जेलमध्ये घालण्याचेही प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स लोवेल विद्यापीठात गुल्डेन कामची-उनाल यांच्या गटाने जिलेटिनपासून केलेल्या हायड्रोजेलमध्ये टरफलाचे सूक्ष्म कण मिसळून हाडाच्या पेशी वाढवल्या, ते काम २०१९ मध्ये पुढे आले.

पेशींकडे पाठवण्याआधी

एक तुकडा २० मिली डिस्टिल्ड पाण्यात २४ तास ठेवून पीएच बघा. ९ च्या वर गेला तर तो घाणा पेशींना द्यायचा नाही. नुसत्या सिरॅमिकचे निर्जंतुकीकरण ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर २० मिनिटांत होते. जिलेटिन लागलेले तुकडे तिथे घातले तर जिलेटिन बिघडते, त्यांना इथिलीन ऑक्साइड किंवा २५ किलोग्रे गॅमा किरण लागतात. पहिली चाचणी अर्काची करावी: तुकडा पेशींच्या माध्यमात एक दिवस ठेवून ते माध्यम एमजी-६३ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या हाडाच्या पेशींना देणे. आयएसओ १०९९३ च्या पाचव्या भागात तिची रीत आहे. तुकड्यावर थेट पेशी टाकण्याची घाई केली तर पेशी रसायनाने मेल्या की छिद्रांतून खाली गळून गेल्या हे कळत नाही.

तयार तुकडे हवाबंद बाटलीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. बाटलीवर टरफलाची तारीख, चुन्याची जाळून आलेली घट आणि भाजणीचे खरे तापमान लिहा.

धुण्याचे अमोनियायुक्त पाणी तसेच मोरीत सोडू नका. सौम्य आम्लाने पीएच ७ ते ८ वर आणून प्रयोगशाळेच्या सांडपाण्याच्या टाकीत घाला. न भाजलेली उरलेली टरफलपूड कुळागरात किंवा परसात टाकायला हरकत नाही. आपली जांभ्याची माती आंबट असते, तिला हा चुना चालतो.